वूगा म्हणजे गुहा

तेलगावच्या शिवारात विहिरीचा सुरुंग उडाला, की धूर बसायच्या आत जोगदंड सरांची स्कूटर बांधावर हजर. माजलगावच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवून सर निवृत्त झालेले. शेतकऱ्याचे डोळे पाण्याकडे, आणि सरांना हवं असायचं भोक! काळ्या पाषाणात ओंजळीएवढी पोकळी, आत चमचमणारे स्फटिक. ती दिसली की हातातलं काम सोडून सगळ्यांनी ऐकायचं.

"ह्याला वग म्हणत्यात. मूळ शब्द वूगा, कॉर्निश भाषेतला. वूगा म्हणजे गुहा. विलायतेच्या पार टोकाला कॉर्नवॉल हाय, तिथल्या खाणकामगारांचा शब्द. ती भाषा बोलणारी आता मूठभर माणसं. पन शब्द बघा, कुठं येऊन ऱ्हायलाय!"

"सर, पाणी लागंल का तेवढं सांगा की," असं कुणी म्हणालं की सर रुसायचे. मला मात्र हा माणूस फार आवडायचा. शब्दाचं कूळ सांगताना त्यांचा चेहरा नातू झाल्याची बातमी देणाऱ्यासारखा व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला सुरुंग लावला आणि तळाशी, भिंतीत, माणूस मावेल एवढी पोकळी उघडी पडली. सर दगड-माती उपसायच्या यारीच्या टोपल्यातून उतरले ते नाचतच.

"भगवान, ही खरी वूगा रे! आत बसून तर बघ!"

भगवानदादा माझा थोरला भाऊ, सरांचा जुना विद्यार्थी. हसत हसत रांगत आत शिरला. सुरुंगानंतर वरचा दगड आधी ठोकून बघायचा, हे जन्मभर पोरांना शिकवलेले सर त्या दिवशी नेमके विसरले. सर शब्दाबद्दलच बोलत होते, तेवढ्यात छत खाली आलं.

मला अजूनही ते खरं वाटत नाही. धुरळ्यात सर नुसत्या हातांनी दगड उपसत होते, नखं फुटली तरी थांबेनात. दादा वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

बीडच्या दवाखान्यात सर रोज यायचे, दाराशी बसायचे. आईनं चहा पुढे केला तरी मान वर नाही. एका सकाळी दादानंच हाक मारली, "सर, लई गप गप ऱ्हाता हो. तो शब्द कुठला म्हणलते तुमी?"

सर दाराशी बसूनच म्हणाले,

"कुठलाच न्हाई रे. दगडातलं भोक हाय ते. दुसरं काय न्हाई."

दादा ढसाढसा रडायला लागला. पाय गेल्याचं कळलं तेव्हा तो रडला नव्हता.