हरणाबाईची तेरा अंडी

जतच्या त्या वस्तीवर कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून नुसती बसून राहायला लागली, की बाया अंडी पदरात घेऊन हरणाबाईकडं यायच्या. ती एकेक अंडं उन्हाकडं धरून बघायची, कानाशी हलवायची, नासकं बाजूला काढायची. पाटीत मुंग्या लागू नयेत म्हणून राख, वर काड, त्यावर अंडी, अंड्यांवर कोंबडी. तिच्या हाताला गुण होता, हे सगळे मानत. पण त्याच बायांच्या घरी ओटी भरायचं निघालं, की तिला निरोप नसायचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती.

त्या माघात तिनं स्वतःच्या काळ्या कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली. सतरा दिवस नीट गेले. अठराव्या दिवशी ती मेंढरांना पाला आणायला गेली, परत आली तर पाटीत नुसती अंडी.

पुतण्या विश्वजितला मुलगा झाला होता. सून अपेक्षाचे आईबाप बारशासाठी आले होते आणि चुलीवर रस्सा रटरटत होता.

"आवं, ती अंड्यांवर बसलीवती! तुमास्नी ठावं न्हवतं का?" तिनं नवऱ्याला, बाळासोला विचारलं.

"पळणाऱ्या कोंबडीमागं कोन धावनार? ही बसल्याजागी गावली." बाळासोनं हात धुतले. "एवढं रडायला अंडी कोंबडीची हायती, तुजी न्हवंत."

पाहुणे बसले होते म्हणून ती पाटीकडं वळली. अंडी अजून कोमट होती. तिनं ती उचलून गोठ्यालगतच्या खोलीत नेली, खोक्यात घोंगडीचा तुकडा अंथरून वर बल्ब टांगला, कडेला पाण्याची वाटी ठेवली. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावायची. तीन दिवस ती जेवायलासुद्धा चुलीपाशी गेली नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

बारशादिवशी दुपारी अंगणात पाळणा म्हणायला बाया जमल्या. तिला बोलावणं नव्हतंच. अपेक्षाची आई तिच्या जावेला, विश्वजितच्या आईला, म्हणताना तिनं ऐकलं होतं, "त्यास्नी पाळण्याजवळ नगं हं, बाई." बाहेर नाव ठेवत होते आणि इथं कवचाला पहिलं भोक पडलं. हात लावायचा मोह तिनं आवरला, पिल्लानं आपलं आपणच बाहेर यावं लागतं. दिवस कलेपर्यंत नऊ पिल्लं निघाली. ओलीचिंब, डोळे मिटलेली. कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो दारात उभा राहिला. "व्याहीणबाईंनी पाच पिल्लं मागितल्यात. मी व्हय म्हणलोय."

"आजच्याला नगं. आई न्हाई त्यास्नी. गाडीवर वारं लागून मरतील. म्हयनाभरानं मी सोता नेऊन देते."

"पावण्यांम्होरं माजं नाक कापतीस व्हय?"

"न्हाई द्यायची!" तीस वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली. बाळासोनं तिला बाजूला सारलं, पाच पिल्लं मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये घातली आणि मोटारसायकलवर बसलेल्या व्याह्याच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पाचही मेली होती. व्याहीणबाई फोनवर म्हणाल्या, "वांझेच्या हातची ती, जगतील कशी?" जावेनं ते पाणवठ्यावर सांगितलं आणि चार दिवसांत वस्तीभर झालं. ज्यांच्या कोंबड्यांची सारी पिलावळ हरणाबाईच्या पाटीतून उठली होती, त्या बायाही मान हलवू लागल्या. त्या उन्हाळ्यात एकही अंडं तिच्याकडं आलं नाही. राहिलेली चार पिल्लं मात्र चांगली पोसली, तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. ते कुणी बोललं नाही.

दिवाळीनंतर त्यातली एक तलंग खुडूक झाली. हरणाबाईनं तिला धरलं आणि बसायची सवय मोडावी म्हणून गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवलं.

बाळासो बघत होता. "अगं, अंडी न्हाई ठेवायची व्हय?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि तिनं कोंबडी पुन्हा बुडवली.