दोघी की दोघे

बाइंडरमावशींचा उभा जन्म पुस्तकांत गेला, पण वाचलं त्यांनी एकही नव्हतं. त्यांना पुस्तक कळायचं ते पाठीकडून. शिवण ढिली पडलीय की डिंक सुकलाय, हे त्या नुसता हात लावून सांगत. आत काय लिहिलंय ते लिहिणारा जाणे आणि वाचणारा जाणे. "मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाच्या पोटात काय दुखतंय ते मला कशाला?" असं त्या म्हणायच्या आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

न्हाव्याच्या दुकानाला खेटून त्यांची खोली होती. पुढे कटिंग मशीन आणि पुठ्ठ्यांचे ढीग, पडद्यामागे स्टोव्ह आणि दोन खाटा. दुसरी खाट नवी, भाचीसाठी आणलेली. थोरल्या बहिणीची बदली अशा ठिकाणी झाली होती की तिथे धड शाळा नव्हती. म्हणून तिच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला महिनाभर मावशीकडे ठेवून बघायचं, नाही रमली तर वसतिगृह आहेच, असं ठरलं होतं. महिना येत्या रविवारी संपत होता. त्या दिवशी बहिणीचा फोन येणार होता आणि मुलगी काय ते सांगणार होती.

मावशींना मुलगी हवी होती. इतकी हवी होती की त्यांची त्यांनाच लाज वाटायची. पण पोरीच्या तोंडून "हं" आणि "नको" यापलीकडे काही बाहेर पडेल तर शपथ. अंडं करू का? हं. पंखा वाढवू का? नको. मावशींनी मनातल्या मनात तिचं नाव मौनीबाबा ठेवून टाकलं.

मौनीबाबांचा जीव अडकला होता तो एका जाडजूड कादंबरीत. जेवताना ती, वेणी घालताना ती, दात घासतानाही ती. सोमवारी त्या कादंबरीची पाठ तडकली आणि पानं सुटी झाली. मुलीने ती ओळीने लावली, कवेत घेतली आणि मावशींपुढे उभं राहून महिन्यातलं पहिलं अख्खं वाक्य बोलली. "मावशी, हे नीट होईल का गं?"

"होईल का म्हणजे? शाळेतून ये, तुला ओळखूच येणार नाही."

इथेच माशी शिंकली. हरखलेलं माणूस घाई करतं. मावशींनी पानं ठोकून सारखी केली, मशीनमध्ये घातली आणि कडा सुबक यावी म्हणून जरा सढळ हाताने कापली. खाली पडलेल्या कातरणात बारीक बारीक आकडे दिसले तेव्हा त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. स्वस्तातली छपाई, पान क्रमांक अगदी कडेला टेकवलेले. एकूण एक आकडा कातरणात गेला होता. तरी क्रम तर आहे ना, अशी मनाची समजूत घालत त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, घाम पुसला आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं.

मग काय, पानं मशीनखाली, खाटेवर, खळीच्या डब्यात, आणि एक तर थेट न्हाव्याच्या आरशावर जाऊन चिकटलं.

आता क्रम लावायचा तर एकच मार्ग होता आणि तो मावशींनी जन्मभर टाळला होता. त्यांनी शटर अर्धं ओढलं, चष्मा पुसला आणि जमिनीवर फतकल मारून वाचायला बसल्या. आधी नुसती वरची ओळ आणि खालची ओळ वाचायची, असा बेत होता. तो काही फार वेळ टिकला नाही. कारण शहरातलं पाणी संपलं होतं, दुष्ट लोकांनी मुलांना भिंतीबाहेर हाकललं होतं, जो समुद्रापर्यंत चालत पोचेल त्यालाच जगायची परवानगी होती, आणि सोळा वर्षांची एक पोर धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन निघाली होती.

"मावशी, धंदा बंद का आज?" न्हाव्याने शटरखालून डोकं घातलं.

"गप्प बसा हो. मुलं भिंतीवर चढतायत."

त्या आठवड्यात मावशींचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भाजी आणायला निघाल्या की गल्लीकडे निराळ्याच नजरेने बघत. वाण्याकडे काड्यापेट्या भरपूर, त्याच्याशी गोड बोलायला हवं. न्हाव्याकडे वस्तरे, तो आपल्या बाजूला हवा. वरच्या मजल्यावरची बाई पहिल्याच दिवशी शत्रूला जाऊन मिळणार, यात शंका नव्हती. घरातल्या बादल्या, पातेली, शेवटी फुलदाणीसुद्धा पाण्याने भरून झाली. मुलगी रोज शाळेतून येऊन विचारायची, "झालं?" आणि मावशी रोज सांगायच्या, "वाळतंय." एवढं ओलं पुस्तक कुणी पाहिलं नसेल. जेवताना एकदा त्यांच्या तोंडून निसटलं, "पाणी जपून पी, अजून लांब जायचंय." मुलीने घास हातात धरून त्यांच्याकडे बघितलं.

गुरुवारी दुपारी धाकटा भाऊ दरीत पडला. मावशींनी पदर तोंडाला लावला तरी हुंदका भिंतीपलीकडे गेलाच. न्हावी साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून धावत आला.

"काय झालं? कोण गेलं?"

"आमचा धाकटा."

न्हावी मान खाली घालून उभा राहिला. त्याने चहा आणून दिला आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. संध्याकाळपर्यंत वाण्यासकट निम्मी गल्ली दाराशी येऊन हळहळून गेली. मावशींना इतकं भरून आलं होतं की कोणाचा गैरसमज झालाय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी खाटेखाली एक पान सापडलं. त्यात धाकटा पायाला पट्टी बांधून बसला होता आणि बहिणीबरोबर अर्धं अर्धं बिस्कीट खात होता. मावशी तशाच अनवाणी न्हाव्याकडे गेल्या. "आमचा धाकटा जिवंत आहे. नुसता पाय मोडलाय." न्हाव्याने भिंतीचा आधार घेतला.

हिशोब साधा होता. दरीचं पान तो पडतो तिथेच संपत होतं, आणि पडल्याशिवाय पट्टी कशाला बांधतील? मावशींनी दरीचं पान आधी लावलं, बिस्किटाचं नंतर. आता शेवटचं पान राहिलं. त्यात लिहिलं होतं, "आम्ही दोघी समुद्राशी पोचलो." मावशी फिस्सकन हसल्या. बहीण आणि भाऊ दोघी कसे होतील? छापखान्याच्या चुका त्यांनी काय कमी पाहिल्या होत्या? त्यांनी पात्याने वेलांटी अलगद खरवडली, बारीक पेनाने मात्रा दिली आणि दोघींचे दोघे केले. मधे एक आगाऊ मुलगी होती, नायिकेशी उभा दावा मांडणारी. तिचं पुढे काय झालं ते लेखक बहुधा विसरला असावा.

शनिवारी त्यांनी लाल कापडात बांधलेलं पुस्तक मुलीच्या हातात ठेवलं. रविवारी सकाळी ती खाटेवर ते उघडून बसली. मावशी खळ ढवळत होत्या, ढवळायची काही गरज नसताना.

"मावशी," मुलगी म्हणाली, "हा जिवंत कसा?"

"पायावर निभावलं बिचाऱ्याचं."

"अगं, पायाला कुत्रा चावलाय त्याच्या. बिस्कीट आधी आहे. पडतो तो नंतर, आणि मरतो." तिने शेवटचं पान उलटलं. "आणि हे दोघे कुणी केलं? दोघीच आहे ते. ती आणि ती आगाऊ मुलगी. आधी एकमेकींशी धड बोलतसुद्धा नाहीत, आणि शेवटी त्याच दोघी एकमेकींना सांभाळत पोचतात."

मावशींनी खळ ढवळायची थांबवली. धाकटा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या खेपेला मुलगीही जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मशीन, कातरण, पंखा, सगळं सांगून टाकलं. "दे इकडे. उसवते आणि नीट लावते."

मुलीने पुस्तक छातीशी धरलं. "नको. मी दर वेळी त्याच्यासाठी रडते. इथे जगतोय तर जगू दे." मग तिचे डोळे बारीक झाले. "तू सगळं वाचलंस? म्हणून बादल्या भरल्यास?" आणि ती हसत सुटली. पोट धरून, खाटेवर आडवी पडून. मौनीबाबांचं मौन सुटलं ते असं की मावशींना खळीखालचा स्टोव्ह विझवायलाही फुरसत मिळेना. वाणी फितूर होईल की नाही, न्हावीकाकांना वस्तऱ्यासकट घ्यायचं का, वरच्या बाईला भिंतीबाहेर कसं काढायचं, यावर दोघींचं जोरात भांडण जुंपलं असताना फोन वाजला.

मुलीने उचलला. मावशी पाठमोऱ्या झाल्या आणि कापलेला पुठ्ठा पुन्हा कापू लागल्या.

"हं, आई. वसतिगृह नको. आम्ही दोघी इथेच बऱ्या आहोत."

मावशींचा हात थांबला. दोघीच म्हणाली होती. त्यात खरवडण्यासारखं काही नव्हतं.