कॅसेटकाकांनी गाळलेली चार मिनिटं

कॅसेटकाका चोर होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जिन्याखालच्या दुकानात दोन व्हीसीआर वायरनं जोडायचे, एकात नवा सिनेमा लावायचा, दुसऱ्यात त्याची कॉपी उतरवायची आणि गल्लीभर फिरवायची, हा त्यांचा उद्योग. पण चोर कसला शिस्तीचा! कॉपी पुरी होईपर्यंत स्टुलावरून हलायचा नाही. अख्खा सिनेमा बघायचा, डोळे पुसायचा, मगच लेबल लिहायचा. पुढे सिनेमा कंपनीनं धाड टाकली आणि दुकानाला टाळं ठोकलं. घरात काकूंनी कपाटात दडवलेली एक कॅसेट तेवढी वाचली.

त्याला तीस वर्षं झाली. परवा दुपारी त्याच कंपनीचा साहेब दारात हजर! सोबत काठी टेकत आलेल्या एक म्हाताऱ्या बाई.

"काका, ह्या सिनेमाची रिळं आमच्या गोदामात कुजली," जुनं पोस्टर पुढं करत साहेब कसनुसं हसला. "गल्लीत चौकशी केली, तर जो तो तुमचंच दार दाखवतो."

'कशी जिरली!' काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सिनेमा मी लिहिलाय हो. माझी नजर चाललीय. ती जायच्या आत एकदा बघायचाय."

झालं! कंपनीला काका आता भीक घालत नव्हते, भीती वाटली ती ह्या बाईंची. कारण कपाटातली ती कॅसेट ह्याच सिनेमाची, आणि तिच्यात शेवटची चार मिनिटं नव्हतीच. रुसून गेलेली लेक घरी परतते आणि तिच्या मांडीवर आई जीव सोडते, असा तो शेवट. काकूंची आई त्याच महिन्यात गेली होती. म्हणून आईनं लेकीला दार उघडताच काकांनी रेकॉर्डिंग बंद केलं. ती आई मेली, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही.

"सांगून टाका," काकू आतून म्हणाल्या, "नाहीतर मी येऊन सांगते."

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "कॉपी केली त्याचं काही नाही, बाई. पण तुमच्या लिहिण्यात हात घातला. चुकलंच माझं."

"अहो, तोच तर सिनेमाचा प्राण!" साहेब कळवळला.

"आधी लावा," बाई म्हणाल्या.

बाई टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसल्या. लेक आली, आईनं दार उघडलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"मी इथंच संपवला होता," बाई साहेबाकडे वळल्या. "पुढची चार मिनिटं तुमच्या कंपनीनं लिहून घेतली. म्हणे, आई मेल्याशिवाय लोक रडत नाहीत. मी लिहून दिली, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही." मग काकांचा हात चाचपडत धरून म्हणाल्या, "ते दार उघडतं ना, तेवढं पुन्हा दाखवता?"

काका रिवाइंड करायला उठले खरे, पण डोळे इतके भरून आले की त्यांना बटणच दिसेना.