आलुबुखाराले थंडी पायजे

फौजेतला धाकटा भाऊ रूपचंद १९७७ साली सुट्टीवर आला, तेव्हा हिमाचलातून आलुबुखाराचं रोप घेऊन आला आणि अड्याळच्या घरामागच्या वाडीत लावून गेला. तेव्हापासून डोमाजी ढिवराच्या डोक्याला ताप झाला होता. शेजारचा पेरू दोन वर्षांत फळांनी लदला. हे झाड मात्र नुसतं पानं काढून माजत होतं. डोमाजीने शेणखत घातलं, कुऱ्हाड दाखवून दम दिला, तरी सात वर्षांत एक फूल नाही.

शेवटी त्याने भावाला पत्र धाडलं. उत्तर आलं, "दादा, याले थंडी पायजे. इकडे झाडाच्या बुडाशी गुडघाभर बर्फ साचते."

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं बे!" डोमाजी पत्रावरच खेकसला. मासोळीची पेटी वरठी स्टेशनावरून नागपूरला धाडायची होती. तिच्यासाठी आणलेली बर्फाची अख्खी लादी त्याने फोडली आणि झाडाच्या बुडाशी पुरली.

दुपारपर्यंत बर्फाचा चिखल झाला आणि पेटीतली मासोळी वास मारू लागली. ती मासोळी त्याच्या बायकोने, भागीरथाने, पहाटेपासून तलावात उभं राहून धरली होती.

डोमाजीने झाडालाच लाथ हाणली. "बर्फ गेला, मासोळी गेली! आणखी किती थंडी पायजे बे तुले?"

भागीरथाने ओल्या लुगड्याचा पदर पिळला.

"वीस हिवाळे झाले, मी कमरभर गार पाण्यात उभी रायते," ती म्हणाली. "थंडीनंच फळ येत असन, तर माह्या वाट्याले कोणतं आलं जी?"