मुळा आणि निळं कार्ड

पंचवीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मुलांना पेरॉक्सिडेज हे मुळ्यातही असणारं एन्झाइम शिकवतेय. प्रॅक्टिकलला बाजारातला मुळा किसायचा, रसात ग्वायकॉल नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. बघता बघता तांबूस रंग चढतो. मग मी फळ्यावर हीम काढते. मधोमध लोहाचा एक अणू, भोवती चार नायट्रोजन, आणि या सगळ्याला पोटात घेऊन बसलेलं प्रथिन. लोह पेरॉक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि समोरच्या रेणूचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, म्हणून रंग येतो. रक्तातही हेच हीम असतं. तिथे त्याचं काम ऑक्सिजन वाहण्याचं, पण पेरॉक्साइड दिसलं की तेही थोडीफार हीच खोडी काढतं.

माझे वडील, अप्पा, गावाहून, मैंदर्गीहून, शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्याकडे आले ते थकूनच. हिमोग्लोबिन कमी निघालं. पोटात कुठे लपून रक्त जातंय का, हे पाहायला डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली. त्यातही पेरॉक्साइडच, नमुना लावलेल्या कार्डावर घालतात; रक्त असलं तर कार्ड निळं होतं. लॅबने पथ्याचा कागद दिला. पहिलीच ओळ होती, तीन दिवस मांस खाऊ नये. "आपल्यात कोन खातंय?" म्हणत अप्पांनी हसून त्याची घडी घातली, आणि मीही घालू दिली.

कार्ड निळं झालं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने आतडं पाहू. अप्पांनी साफ नकार दिला. "लई वय झालं. आता कशाला उकरायचं?"

चार दिवस मी विनवण्या केल्या, चिडले, रडले. पाचव्या दिवशी ते रोजच्यासारखा भाकरीबरोबर कच्चा मुळा चावत होते आणि मला माझं प्रॅक्टिकल आठवलं. कागद शोधून उलगडला. दुसरी ओळ: कच्चा मुळा खाऊ नये. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

"म्हंजे मुळ्यानं बी निळं हुतंय?" अप्पांनी विचारलं.

"होतं ना. परत तपासू या."

"बरं. मुळा सोडून बी निळं आलं, तर तू म्हनशील तितं येतो."

तीन दिवस त्यांनी मुळ्याला हात लावला नाही. मी मात्र येता-जाता देवाला एकच सांगत होते, मुळाच असू दे.

कार्ड पुन्हा निळं आलं. रिपोर्ट घेऊन मी दारात उभी राहिले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"मुळा न्हवता तर," ते म्हणाले. "चल, कुटं जायचं ते सांग की."