दुसरी आखणी

रविवारी मी ताईचे केस कापले. सोमवारी तिचे किरणोपचार सुरू व्हायचे होते. ते झाले नाहीत.

ताईच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती, बोलण्याच्या जागेपाशी. वेळेत किरण दिले तर काही महिने तरी बोलणं टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या ताईला तेवढेच महिने हवे होते. डोकं हलू नये म्हणून गरम जाळीदार प्लास्टिक चेहऱ्यावर आणि डोक्यावर दाबून तिचा मास्क बनवला आणि तो घालूनच स्कॅन काढला. मग डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एकेका चित्रात माउसने गाठीची कड आखली. मला दाखवलीही. लाल रेघ गाठीची. तिच्याबाहेरची दुसरी, आजूबाजूला पसरलेल्या, न दिसणाऱ्या पेशींसाठी. डोळ्यांच्या नसा हिरव्या, त्या वाचवायच्या. अशी शंभरावर चित्रं.

केस गळणार हे कळल्यावर ताईनेच कात्री पुढे केली. "उशीवर झुबके बघत बसण्यापेक्षा एकदाच काप गो. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले की शाळेतल्या पोरी म्हणतील, बाईंनी फॅशन केली." कमरेपर्यंतचे दाट केस. मी पार मुळाशी कापले.

सोमवारी पहिल्या एसटीने दोन तासांवरच्या इस्पितळात गेलो. तंत्रज्ञाने मास्क चढवला आणि त्याखाली दोन बोटं घातली. सहज गेली; खालची केसांची जाडी गेली होती. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही घातली. अशा सैल मास्कमध्ये डोकं हललं तर रेघ असेल तिथे गाठ नसेल, त्या म्हणाल्या. नवा मास्क, नवा स्कॅन, नवी आखणी, मग तपासणी. आठ दिवस.

मी भांडले. दागिने काढा, तेल लावू नका, एवढं सांगता, मग केसांचं का नाही सांगितलंत? तंत्रज्ञाने फाइलमधला सूचनांचा कागद समोर धरला. केस कापायचे तर मास्क बनवण्याआधी कापा, असं त्यात मराठीत छापलं होतं. खाली माझी सही होती. जन्म वाचनालयाच्या नोकरीत काढला आणि हा कागद वाचला नव्हता. तरी राग गेला नाही. एक वाक्य तोंडाने सांगायला कितीसा वेळ लागतो?

पाचव्या दिवशी ताईला 'पाणी' म्हणता येईना. सातव्या दिवशी माझा हात धरून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. शब्द होते, पण भलत्याच वस्तूंचे. मी मान डोलावली. तिने हात झटकला. मला कळलेलं नाही, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या आखणीत लाल रेघ मोठी होती. किरण पूर्ण झाले, बोलणं परत आलं नाही. त्या सोमवारी किरण सुरू झाले असते तर बोलणं टिकलं असतं का, हे मी दोनदा विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

ताईला जाऊन सात महिने झाले. ती काय सांगत होती, ते मला माहीत नाही.