शफीभाईंच्या काउंटरवरची वजनाची गोळी

औषधाला एक्सपायरी असते, मेडिकलच्या दुकानातल्या किश्शांना नसते! नगरला स्टँडजवळ आमचं दुकान. मालक शफीभाई, मी त्यांचा फार्मासिस्ट. नव्वदच्या दशकात वजन कमी करायची एक गोळी आली होती. महाग, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि पुण्याहून मागवावी लागायची. त्या एका गोळीनं जेवढी माणसं दाखवली, तेवढी खोकल्याच्या सगळ्या बाटल्यांनी मिळून दाखवली नाहीत.

*

एकदा एक पुढारी आले. पांढरी गाडी, मागे चारजण.

"ती वजनाची गोळी द्या."

"चिठ्ठी, साहेब?"

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

शफीभाईंनी हात जोडले. "मला माहीत आहे, साहेब. गोळीला माहीत नाही!"

आधी मागचे चौघं हसले, मग साहेब. दोन दिवसांनी साहेब खरंच चिठ्ठी घेऊन आले. डॉक्टरांनी तपासून बीपीची गोळी लिहिली होती!

*

नेवाशाहून एक बाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन आल्या. "पंधरा दिवसांत बारीक झाली पाहिजे!"

शफीभाईंनी मुलीलाच विचारलं, "बेटा, तुला हवीय का गोळी?"

"मला न्हाई. आईला पायजे."

"मग ताई, चिठ्ठी तुमच्या नावाची आणा!"

*

जामखेडकडच्या एका शाळेतल्या गायकवाडबाई मात्र रीतसर चिठ्ठी घेऊन आल्या. गर्भाशयात गाठ होती, रक्त जाऊन जाऊन चेहरा पांढरा पडलेला. पण भूल देणारे डॉक्टर म्हणाले होते, आधी दहा किलो वजन उतरवा, मग ऑपरेशन.

मी किंमत सांगितली. बाईंनी चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

शफीभाई म्हणाले, "थांबा. मला पडते त्या भावात देतो."

"नको, भाऊ. फुकटचं घेऊ नये असं मी वर्गात शिकवते."

"फुकट कुठंय? नफा माझा आहे, तो सोडायला मला तुमच्या वर्गाची परवानगी लागते का?"

बाई हसल्या. चिठ्ठी पुन्हा बाहेर आली.

*

पुढच्या महिन्यात बाईंबरोबर आणखी पाचजणी! काउंटरवर नुसती गर्दी.

मी विचारलं, "पेशंट कोण?"

"आमी सगळ्या!"

या बाईंच्या भिशीतल्या मैत्रिणी. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या कौसाबाई पुढं झाल्या. "ह्या म्हैन्याची भिशी माझी हुती. म्या बाईला दिली. टीव्ही काय, फुडच्या साली बी दिसंल. बाई दिसाय पायजे!"

शफीभाई चष्मा पुसत बसले. गोळ्या मलाच काढाव्या लागल्या.

*

रमजानात एकदा पुण्याहून माल आलाच नाही. बाईंच्या गोळ्या संपत आलेल्या. शफीभाई रोजा धरून एसटीनं पुण्याला गेले, होलसेलवाल्याकडून गोळ्या घेतल्या आणि उभ्यानं परत आले.

मी म्हटलं, "भाई, उपाशीपोटी एवढी दगदग?"

"अरे, मला उपाशी राहायची सवय आहे. बाईंना नाही, म्हणून तर गोळी!"

*

पुढं एक दिवस कंपनीचं पत्र आलं. परदेशात काही पेशंटच्या हृदयाला या गोळीनं त्रास झालाय, विक्री ताबडतोब थांबवा. शफीभाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि स्कूटरला किक मारली. थेट जामखेड!

बाईंना वर्गातून बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, आजपासून गोळी बंद. उरलेल्या मला द्या, आणि उद्याच डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या."

बाईंनी स्ट्रिप दिली. "भाऊ, अजून सहा किलो राहिलेत. आता ऑपरेशनचं कसं?"

परत आल्यावर शफीभाईंनी ती स्ट्रिप कंपनीला परत पाठवायच्या खोक्यात टाकली.

सुदैवानं हृदय ठणठणीत निघालं. पण वजनाचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

पाच-सहा महिन्यांनी नगरच्या एका दवाखान्यातून ऑपरेशनच्या औषधांची यादी आली. पेशंटचं नाव गायकवाड! औषधं घेऊन शफीभाई स्वतः निघाले, मीही मागोमाग.

भूल देणारे डॉक्टर बाईंचं वजन पाहून चकित झाले होते. "ती गोळी तर बंद झाली. मग आता कुठली घेताय? मला नाव कळलं पाहिजे, त्याशिवाय मी भूल देणार नाही."

बाईंनी दाराकडं बोट केलं. व्हरांड्यात कौसाबाई आणि बाकीच्या चौघी पदर खोचून उभ्या होत्या. पायांत धुळीनं माखलेल्या चपला.

"ह्या पाच, डॉक्टर. रोज पहाटे, अनशापोटी, वेशीपासून तळ्यापर्यंत!"